हँडब्रेक: तीन पावसाळे वापरल्यानंतर

चिपळूणला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, शिमग्याच्या पालख्या, नमन-खेळे हे सगळं यांनी शूट करायचं आणि घरी बसून मी एडिट करायचं, अशी आमची १९९४ पासूनची वाटणी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा खालच्या कपाटातल्या कॅसेट चिखलात गेल्या. पोटमाळ्यावर चार खोके होते, तेवढे वाचले. पाणी ओसरल्यावर मोजल्या तर २१० व्हीएचएस आणि साठेक मिनीडीव्ही. लोकांच्या घरची प्रतही त्याच पाण्यात गेलेली, त्यामुळे कितीतरी लग्नांची आता एकच कॅसेट उरली आहे आणि ती माझ्याकडे आहे. तेव्हापासून रोज एक-दोन टेप कॅप्चर करते, म्हणजे टेपवरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवते, आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर कन्व्हर्ट करते. या कन्व्हर्ट करण्याच्या कामाला मी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरते. तीन पावसाळे झाले. एवढ्या वापरानंतर त्याच्याबद्दल नीट लिहावं असं वाटलं, कारण जुन्या कॅसेट घरात असलेले लोक मला हेच विचारतात की फाइल तर झाली, पुढे काय करायचं?

आधी दोन कॉम्प्युटर कशाला ते सांगते. माझं कॅप्चरचं मशीन २००४ चं आहे. पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, आत व्हीएचएससाठी एक पीसीआय कॅप्चर कार्ड आणि मिनीडीव्हीसाठी एक फायरवायरचं कार्ड. नव्या कॉम्प्युटरला ते कार्ड बसत नाही, आणि बसलं असतं तरी त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे चालत नाही. म्हणून ते मशीन मी नेटला जोडत नाही, त्यावर नवीन काही टाकत नाही आणि कॅप्चर चालू असताना माउसलाही हात लावत नाही. व्हीसीआर कुणासाठी थांबत नाही. सेकंदाला २५ फ्रेम येतच राहतात. मशीन दुसऱ्या कामात गुंतलं की फ्रेम ड्रॉप झालीच, आणि गेलेली फ्रेम मागून भरून काढता येत नाही. टेप पुन्हा लावावी तर पंचवीस वर्षांची कॅसेट दर वेळी थोडी झिजते. म्हणून कॅप्चर करता करताच एमपीफोर बनवायचा हट्ट त्या मशीनवर धरायचा नाही. त्याने फक्त पकडायचं.

पकडायचं कशात, हाही प्रश्नच. पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं, ७२० बाय ५७६ चं चित्र अजिबात न दाबता ठेवलं तर सेकंदाला साधारण २०.७ एमबी होतात, म्हणजे तासाला ७५ जीबीच्या आसपास. जुन्या डिस्कला ते झेपत नाही. मी व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्ही कोडेक लावते. कोडेक म्हणजे चित्र दाबून साठवणारा आणि पुन्हा उघडून दाखवणारा छोटा प्रोग्राम. बेन रुडिएक-गूल्ड यांनी २००० च्या सुमारास लिहिलेला हा फुकटचा कोडेक. फाइल साधारण निम्मी होते, आणि एक कणही गमावत नाही. गादी गुंडाळून दोरीने बांधावी, दोरी सोडली की गादी पुन्हा जशीच्या तशी, तसं आहे ते. त्याला गणित फार करावं लागत नाही, म्हणून पेंटियम फोरलाही ते जमतं. माझ्या व्हीएचएसची तासाची फाइल ३८ जीबीच्या आगेमागे होते. टेप खराब असली की फाइल मोठी होते, कारण कोडेकच्या दृष्टीने मुंग्यासुद्धा चित्रच.

मिनीडीव्हीचं वेगळं. तिथे टेपवरच डिजिटल डेटा असतो आणि फायरवायरने तो तसाच्या तसा कॉपी होतो, तासाला १३ जीबी. त्याला कॅप्चर म्हणतात, पण ती खरं तर नक्कल आहे.

मग फाइल नव्या कॉम्प्युटरवर न्यायची. जुन्या मशीनचं नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएसचं, त्यामुळे एका तासाची टेप पाठवायला जवळपास तासच जातो. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेत मी ते लावून देते.

आणि इथे बहुतेकांचं गाडं अडतं. माझंही अडलं होतं. नव्या कॉम्प्युटरवर ती एव्हीआय फाइल उघडली तर सनई ऐकू येत होती आणि पडदा काळा! फाइल बिघडली असं वाटून मी ती टेप पुन्हा कॅप्चर केली. पुन्हा तेच. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, एव्हीआय हा नुसता डबा आहे. आत काय भरलंय ते डब्यावरच्या चार अक्षरांवरून कळतं." हफवाययूव्हीच्या डब्यावर एच-एफ-वाय-यू अशी चार अक्षरं असतात. जुन्या मशीनवर कोडेक टाकलेला होता म्हणून तिथे दिसत होतं. नव्यावर ती अक्षरं वाचणारं कुणी नव्हतं. बरं, तोच जुना कोडेक नव्यावर टाकावा तर तो ३२ बिटचा, आणि माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर ६४ बिटचं. ते त्याच्याकडे बघतही नाही.

तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून मी नेटवरून एक कोडेकचा गठ्ठा उतरवून घेतला. हफवाययूव्ही दिसायला लागलं, पण बरोबर आणखी वीस-पंचवीस कोडेक विंडोजमध्ये घुसले, आणि एडिटिंगमध्ये काही जुन्या क्लिप चक्क उलट्या, डोकं खाली पाय वर दिसू लागल्या. लग्नसराईचे दिवस. सगळं काढून विंडोज नव्याने टाकण्यात दोन दिवस गेले. कामाच्या कॉम्प्युटरवर कोडेकचे गठ्ठे टाकू नका, हे मी तळमळीने सांगते.

हँडब्रेकची मला सगळ्यात भावलेली गोष्ट हीच आहे. त्याला विंडोजकडे काहीच मागावं लागत नाही. फाइल वाचण्याचं सगळं सामान त्याने बरोबर आणलेलं असतं. ते सामान एफएफएमपेग या दुसऱ्या मुक्त प्रकल्पातलं आहे, आणि त्यात हफवाययूव्ही, लॅगरिथ, यूटी व्हिडिओ, डीव्ही अशा जुन्या-नव्या कोडेकना उघडायच्या किल्ल्या आहेत. मी ३८ जीबीची ती फाइल त्याच्या खिडकीत ओढून टाकली आणि काही सेकंदांत नवरीचा चेहरा समोर आला. काही इन्स्टॉल नाही, काही जुळवाजुळव नाही. त्या दिवशी मी यांना हाक मारून वर बोलावलं होतं, ते अजून आठवतं.

सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. २००३ साली एरिक पेटी यांनी सुरू केलं, आता स्वयंसेवकांचा गट चालवतो. १.० आवृत्ती यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला, एवढी सबुरी. चिन्ह अननसाचं आहे, तेवढं लक्षात ठेवा, आणि हँडब्रेक डॉट एफआर या त्यांच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्या. पैसे मागणारी जागा दिसली तर ती त्यांची नव्हे. विंडोजवर पहिल्यांदा उघडताना मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट मागू शकतं, ते द्यावं लागतं.

आता सेटिंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याच जागी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती एका घराच्या फार जिव्हाळ्याच्या टेपवर झाली.

गुहागरकडची एक मुलगी आली होती. तिच्या आईवडिलांचं लग्न १९९६ चं, शूटिंग आमचंच. दोन वर्षांपूर्वी आईला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. मुलगी म्हणाली, "काकू, त्या कॅसेटमध्ये आईचा उखाणा आहे. तिचा आवाज असलेली दुसरी कुठलीच गोष्ट आमच्याकडे नाही." कॅसेट पोटमाळ्यावरच्या खोक्यात निघाली. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं, कडेला बुरशीचे पांढरे ठिपके नव्हते. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घेतली आणि कॅप्चर केली. ४१ मिनिटांची टेप, २६ जीबीची फाइल.

हँडब्रेकमध्ये प्रीसेट, म्हणजे सेटिंगचे तयार संच असतात, त्यांपैकी मी ५७६-पी-२५ वालं निवडलं. व्हीएचएसचं चित्र इंटरलेस्ड असतं. एका फ्रेममध्ये दोन फील्ड, एकात विषम ओळी, दुसरीत सम, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुन्या टीव्हीला ते चालायचं. आजच्या पडद्यावर तसंच दाखवलं तर हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते काढायला डीइंटरलेस फिल्टर लागतो, हँडब्रेकमध्ये त्याचे याडिफ, डीकोंब असे प्रकार आहेत. त्यात बॉब नावाचा पर्याय निवडला की प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम बनते, म्हणजे २५ च्या ५० होतात. मी बॉब निवडला. पण प्रीसेटमधला फ्रेमरेट २५ वरच होता आणि तो बदलायचं मी विसरले. फिल्टरने पन्नास फ्रेम तयार केल्या आणि पुढच्या पायरीवर त्यातल्या निम्म्या टाकल्या गेल्या. कंगवा गेला, पण हालचालीतला ओघही गेला. प्रीव्ह्यू मी बघितला होता, पण नवरी स्थिर बसलेल्या जागेचा. पेनड्राइव्ह भरून दिला.

चार दिवसांनी मुलीचा फोन. "काकू, आवाज एकदम छान आहे. पण आई उखाणा घेताना हात हलवते ना, तो हात धक्के खातो. टीव्हीवर असं नव्हतं दिसत पूर्वी."

मी मूळ फाइल उघडून तिथेच गेले. नवरी उखाणा घेते आणि शेवटच्या शब्दाला लाजून उजव्या हाताने पदर तोंडाशी नेते. हिरव्या चुड्याच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरतात. सगळं मिळून एक-सव्वा सेकंद. माझ्या फाइलीत तो हात टप्प्याटप्प्याने वर जात होता आणि बांगड्या एकदम कोपराशी पोचत होत्या, घसरताना दिसतच नव्हत्या. नावाचं शेवटचं अक्षर पदरात बुडतं तो क्षण आणि हात पोचतो तो क्षण, दोन्ही जुळलेले असूनही तुटक वाटत होते.

कॅसेट पुन्हा लावावी लागली नाही, याचं मला किती बरं वाटलं! २६ जीबीची हफवाययूव्ही फाइल मी ठेवलेली होती. पुन्हा हँडब्रेक उघडलं. टेप सगळीच्या सगळी इंटरलेस्ड आहे, म्हणून इंटरलेस ओळखण्याचा पर्याय बंद केला, नाहीतर ते काही फ्रेम तशाच सोडून देऊ शकतं. बॉब ठेवला. फ्रेमरेट ५०, तोही कॉन्स्टंट. आणि प्रीव्ह्यू या वेळी हात हलतो त्याच जागेचा बघितला. बांगड्या घसरल्या, एकेक करून.

तेव्हापासूनचं माझं ठरलेलं सेटिंग सांगते. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाइल बनवणारा भाग, एक्स-२६४. गुणवत्तेचा आरएफ आकडा १८, तो जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. हँडब्रेकवाले स्वतः या आकाराच्या चित्राला १८ ते २२ सुचवतात. वेगाच्या पट्टीवर स्लो. एच-२६५ या नव्या पद्धतीने फाइल आणखी लहान होते हे खरं, पण गावागावातल्या टीव्हीच्या यूएसबीला तो चालेलच असं नाही, आणि एवढ्याशा चित्रात वाचणाऱ्या जागेपेक्षा ते दिसणं मला महत्त्वाचं वाटतं. ग्राफिक्स कार्डावरचे एन्कोडर सुसाट आहेत, मी तपासून बघितले, पण तेवढ्याच आकारात मुंग्या असलेल्या अंधाऱ्या मांडवाचे त्यात चौकोन पडतात. सॉफ्टवेअर कोडेक वेळ घेतो आणि तो वेळ चित्रात दिसतो. माझ्या सहा कोअरच्या आय-फाइव्हवर तासाच्या टेपला पंचवीसेक मिनिटं लागतात, मुंग्या कमी करायचा एनएलमीन्स फिल्टर लावला तर तासाच्या वर. हा फिल्टर लाइटच्या पुढे नेऊ नका. मीडियमवर भटजींच्या उपरण्याचा पोत गेला आणि मांडवातली माणसं मेणाची दिसायला लागली.

कडा आपोआप कापणाऱ्या ऑटो क्रॉपवर विसंबू नका. व्हीएचएसच्या चित्राच्या तळाशी व्हीसीआरचं हेड बदलण्याच्या खुणेच्या काही ओळी थरथरत असतात, त्यांच्यामुळे त्याचा अंदाज टेपेगणिक बदलतो. मी आकडे हाताने घालते. आणि पालचं चित्र ७२० रुंदीत साठवलेलं असलं तरी दाखवायचं चारास तीन असतं. प्रमाणाची ही सूचना फाइलीत लिहून ठेवण्याला अॅनामॉर्फिक म्हणतात, पण काही टीव्ही ती वाचत नाहीत आणि चेहरे उभट दिसतात. म्हणून मी अॅनामॉर्फिक बंद करून सरळ ७६८ बाय ५७६ बनवते.

फील्डच्या क्रमाकडेही बघा. माझ्या कार्डावरून आलेल्या व्हीएचएसमध्ये वरची फील्ड आधी असते, मिनीडीव्हीत खालची. हा क्रम उलटा पडला तर चालणारा माणूस पुढे-मागे, पुढे-मागे थरथरतो. ते दहा सेकंदांत कळतं, पण माणूस चालत असलेला तुकडा बघितला तरच.

काम रांगेत लावता येतं, ही मोठी सोय. रात्री जेवणं झाली की पाच-सहा टेपा लावते, "झाल्यावर बंद कर" सांगते आणि झोपते. सकाळी तासाला दोन-अडीच जीबीच्या फाइली तयार. पावसाळ्यात वीज जाते म्हणून यूपीएस आहे, तरी मध्येच गेली तर चालू असलेली एक फाइल नव्याने करावी लागते. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

उणिवा आहेत, त्याही सांगते. दोन तुकडे जोडणं हँडब्रेकला येत नाही. कॅप्चर मध्ये तुटलं असेल तर जोडकाम आधी दुसरीकडे करावं लागतं. चित्र न बदलता नुसता डबा बदलून दे म्हटलं तर तेही नाही, प्रत्येक वेळी ते नव्याने एन्कोड करणारच. आवाज हळूहळू मागे पडत जाणारी टेप ते सुधारू शकत नाही. ते कॅप्चरच्या वेळीच सांभाळायचं, कारण साउंड कार्डाचं आणि कॅप्चर कार्डाचं घड्याळ वेगळं असलं की तासाअखेर ओठ आणि शब्द फारकत घेतात. आणि मिनीडीव्हीत शूटिंगची तारीख-वेळ डेटातच लिहिलेली असते, ती एमपीफोरमध्ये उतरत नाही. म्हणून डीव्हीची मूळ फाइल काढून टाकायची नाही, ती १३ जीबी सांभाळायचीच.

मूळ हफवाययूव्ही फाइली कायमच्या ठेवायला मी एफएफएमपेगने एफएफव्ही१ मध्ये बदलते. तोही काहीच न गमावणारा कोडेक, पण गादी जास्त घट्ट बांधतो आणि प्रत्येक फ्रेमच्या तुकड्याबरोबर तपासणीचा आकडा ठेवू शकतो, म्हणजे वर्षांनी डिस्क कुठे सडली तर कळेल. २०२१ मध्ये त्याचं रीतसर मानकही प्रसिद्ध झालं. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायला लागते याची मला सुरुवातीला भीती होती. मुलाने एक ओळ लिहून दिली, ती मी वहीत उतरवून ठेवली आहे आणि फाइलचं नाव तेवढं बदलते. हँडब्रेक लोकांना द्यायच्या प्रतीसाठी, एफएफएमपेग ठेवणीतल्या प्रतीसाठी, असं माझ्या घरात ठरलं आहे.

दुसऱ्यांदा केलेली फाइल न्यायला मुलगी आली तेव्हा मी पेनड्राइव्हबरोबर तिच्याकडून आणवलेल्या डिस्कवर मोठी फाइलही घालून दिली. तिने विचारलं, "ही कुठल्या टीव्हीवर लागेल?"

म्हटलं, "कुठल्याच नाही गं. ही लावायची नाही, ठेवायची. माझ्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून कधी पुन्हा करून घ्यावंसं वाटलं तर यातून करता येईल."

तिचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. उखाणा झाल्यावर आईने डाव्या हाताने तिच्या हातातला रिमोट काढून घेतला होता आणि मागे घ्यायचं बटण स्वतः शोधत होती.